रत्नागिरीहून किनाऱ्याने नाशिक, शेवट वाइनरीत : सहा दिवसांचा बेत तपासून द्या

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. २० जानेवारीला रत्नागिरीत लग्न आहे. तिथून परत येताना मुंबई-गोवा हायवे न पकडता किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचं ठरवतोय. आम्ही दोघं आणि पुण्याचं एक जोडपं, गाडी पेट्रोल सेडान, चालवणारे दोघं. पुण्याच्या पाहुण्यांना नाशिकची वाइन आणि द्राक्षमळे दाखवायचे आहेत, म्हणून शेवट घरी.

कच्चा बेत असा :
२१ – रत्नागिरी, गणपतीपुळे, जयगड, गुहागर, दाभोळ, दापोली (मुक्काम)
२२ – दापोली, हर्णै, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर (मुक्काम)
२३ – दिघी, मुरूड, जंजिरा, अलिबाग (मुक्काम)
२४ – अलिबाग आराम
२५ – अलिबाग ते नाशिक
२६ – दिवसभर गंगापूर धरणाकडच्या वाइनऱ्या, रात्री पाहुणे पुण्याला रवाना

विचारायचं ते असं. फेरीबोटींवर सेडान चढते का? खाली घासते असं ऐकलंय. अलिबागहून नाशिकला यायला सगळ्यात बरा रस्ता कोणता? वाइनऱ्या किती आणि कुठल्या क्रमाने कराव्यात? आणि बेतात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

खाडीपार

आधी सगळ्यात मोठी चूक. २६ जानेवारी ड्राय डे. त्या दिवशी महाराष्ट्रात कुठेही वाइन ओतून मिळणार नाही की बाटली विकत मिळणार नाही. पाहुणे नेमके त्यासाठीच येणार असतील तर तो दिवस आजच बदला. उरलेलं सगळं मागेपुढे करता येतं.

दुसरी चूक पहिल्याच दिवशी आहे. नकाशावर रत्नागिरी ते दापोली जवळ दिसतं, पण सागरी महामार्ग नावालाच महामार्ग आहे. एका गावातून दुसऱ्या गावात, वाडीतून, देवळाच्या पुढून, जांभ्याच्या गडग्यांच्या मधून जाणारा रस्ता आहे तो. समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं. ताशी २५ ते ३० किलोमीटरचा हिशोब धरा, त्याहून जास्त धरलात की दिवस कोसळतो. शिवाय त्या दिवशी तुमच्या दोन खाड्या आहेत, जयगड ते तवसाळ आणि धोपावे ते दाभोळ. पाण्यावर वेळ दहापंधरा मिनिटंच जातो, पण धक्क्यावर एक बोट हुकली की पाऊण-एक तास गेला. म्हणून २१ ला गुहागरलाच थांबा.

फेऱ्या दक्षिणेकडून उत्तरेकडे अशा लागतील : जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेश्वी–बागमांडला, दिघी–आगरदांडा. चारही ठिकाणी गाडी चढते. रात्री फेऱ्या बंद होतात. दुपारीही दोन फेऱ्यांत अंतर पडतं, आणि बोट दुरुस्तीला गेली असेल तर एकाच बोटीवर काम चालतं. आदल्या संध्याकाळी तिकीटघरात फोन करून ‘उद्या बोट चालू आहे ना, सकाळची पहिली कितीची’ एवढं विचारायचंच. कारण बोट नसेल तर फेरा फार लांबचा पडतो. दाभोळ बंद असेल तर गुहागरहून चिपळूण, खेड करून दापोलीला, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. बागमांडला बंद असेल तर मंडणगड, आंबेत, म्हसळा. हा फेरा दुपारी धक्क्यावर जाऊन कळला तर मुक्कामाला पोचेपर्यंत काळोख.

आता सेडान. गाडी बोटीत घासत नाही. घासते ती धक्क्याचा उतार आणि बोटीचा लोखंडी रॅम्प जिथे जुळतात त्या सांध्यावर. भरती पूर्ण असेल तेव्हा बोट उंच असते, रॅम्प जवळजवळ सपाट बसतो आणि काही कळतसुद्धा नाही. पूर्ण ओहोटीला बोट खाली गेलेली असते. मग धक्क्याचा उतार लांब होतो, त्याचा खालचा भाग नुकताच पाण्यातून उघडा पडल्यामुळे शेवाळलेला आणि ओला असतो, आणि सांध्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन होतो. पुढचा बंपर लागतो तो तिथे. उपाय सोपा आहे. मागच्या सीटवरच्यांना उतरवा, डिकीतलं जड सामान तसंच राहू दे, आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर जवळजवळ न देता, थोडं तिरकं चढवा, म्हणजे एका वेळी एकच चाक सांध्यावरून जाईल. बोटीवरचा माणूस हाताने दाखवतो तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. काही वेळा तो गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवायला सांगतो. ओल्या उतारावर रिव्हर्स जमत नसेल तर तुमच्यातला जो सराईत असेल त्याला बसवा. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि सगळ्यांनी खाली उतरून उभं राहायचं.

भरती-ओहोटी कळायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरची जुनी रीत आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. शुक्ल पक्ष काय, कृष्ण पक्ष काय, हिशोब तोच. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि मग पुन्हा भरती. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. सेडानला त्रास याच दिवसांत. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, धक्केही बरे मिळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात २१ ते २४ जानेवारीच्या तिथी बघून ठेवा आणि त्यावरून कुठली फेरी सकाळी, कुठली दुपारी ते ठरवा.

हाच हिशोब हरिहरेश्वरला जिवाचा आहे. देवळामागची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून जाते. ती फक्त ओहोटीला करायची. भरती चढू लागली की लाट खडकाच्या खोबणीतून अचानक वर येते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. वरचे पायरीचे टप्पे कोरडे दिसले म्हणून पुढे जाऊ नका. पुजारी किंवा दुकानदार ‘आता नको’ म्हणाले की नको.

माझ्या मते क्रम असा ठेवा :

२१ : रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. हायवेकडून, निवळीवरून जाऊ नका. आरे-वारेला रस्ता समुद्राच्या अगदी डोक्यावरून जातो, या सगळ्या प्रवासातली पहिली खरी जागा ती. पुढे मालगुंड, जयगड, बोट, तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. हेदवीची बामणघळ, म्हणजे लाट उसळते ती खडकातली अरुंद घळ, बघायची तर भरती चढताना जा, ओहोटीला तिथे नुसती फट दिसते.

२२ : गुहागर, धोपावे, बोट, दाभोळ, दापोली, हर्णै. संध्याकाळी चारनंतर हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो. तो चुकवू नका, पण गाडी वरच ठेवून चालत जा. मुक्काम आंजर्ल्याला. हर्णै-आंजर्ले खाडीवर पूल आहे, फेरा पडत नाही.

२३ : आंजर्ले, आडे, केळशी, मग वेश्वी. इथले चढ-उतार सगळ्यात तीव्र आहेत. बागमांडल्याला उतरलात की हरिहरेश्वर जवळच. मग श्रीवर्धन. श्रीवर्धन ते दिवेआगर मात्र आतल्या रस्त्याने नको, आरावी-कोंडिवलीकडून समुद्राला लागून या. तो तुकडा उन्हं उतरताना करता आला तर उत्तम, म्हणून दिवसाची घाई तिथे करू नका. मुक्काम दिवेआगर.

२४ : दिघी, बोट, आगरदांडा, मुरूड. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याच्या दारात होडी हेलकावत असताना उतरायचं असतं, गुडघे दुखणारं कुणी असेल तर दोनदा विचार करा. मग काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, नागाव. मुक्काम नागाव किंवा अलिबाग.

अलिबागचा आराम-दिवस काढून टाका. तिथे आराम करण्यापेक्षा तो दिवस आंजर्ले-दिवेआगरच्या पट्ट्याला दिलेला बरा.

घाटगिअर

वर फेरीचं व्यवस्थित आलंय, मी गाडीचं आणि अलिबाग ते नाशिकचं सांगतो.

निघायच्या आधी : स्टेपनीतली हवा तपासा (सगळे चार टायर तपासतात आणि पाचवा विसरतात), ब्रेक पॅड किती उरलेत ते बघून घ्या, वायपरचे रबर नवे टाका. जानेवारीत पाऊस नसतो, पण खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट धुरकट थर बसतो आणि संध्याकाळी समोर सूर्य आला की काही दिसत नाही. वॉशरची टाकी भरलेली हवी. पेट्रोल रत्नागिरीत, दापोलीत, श्रीवर्धनला आणि अलिबागला भरून घ्या, ‘पुढे बघू’ नको. सीएनजीवर विसंबून हा रस्ता करू नये. फेरीला आणि छोट्या खानावळीत रोख लागते, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

उतारावर ब्रेक धरून बसायचं नाही. केळशी, आडे, वेश्वीकडचे उतार दुसऱ्या गिअरमध्ये, काही ठिकाणी पहिल्यात. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल, म्हणजे लो गिअर. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचा जळका वास आला तर सपाटीला गाडी थांबवा, वीसपंचवीस मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा पहिला मान, म्हणजे उतरणाऱ्याने थांबायचं. तिथली एसटी मात्र चढत असो की उतरत असो, तिला वाट द्या.

समुद्राला लागून रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो आणि पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर आवाज येतो. त्याला घाबरायचं कारण नाही, आपोआप जातो. पण रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ड्रम चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

वाळूत गाडी नेऊ नका. ओली वाळू घट्ट दिसते, पण एकदा चाक फिरलं की ते खाली जायला लागतं, आणि भरती येईपर्यंत ट्रॅक्टर मिळाला नाही तर गाडी गेली. गाडी किनाऱ्यावर नेणं नियमातही बसत नाही.

आता अलिबाग ते नाशिक. तीन पर्याय.

पहिला, मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मुंबईत भाऊचा धक्का. पाण्यावर साधारण तासभर. मग ईस्टर्न फ्रीवे, ठाणे, भिवंडी बायपास, आमणे, आणि तिथून समृद्धी महामार्ग. गाडीचं बुकिंग आधी करावं लागतं. सकाळची पहिली मिळाली तरच याचा फायदा, नाहीतर ठाण्यातच दुपार होते.

दुसरा, पेण, पनवेल, तळोजा, शिळफाटा, भिवंडी. हा टाळाच. शिळफाट्याला किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

तिसरा, माझ्या मते तुमच्यासाठी हाच : अलिबाग, पेण, खोपोली, कर्जत, मुरबाड, शहापूर. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, मुंबई आणि ठाणे दोन्ही टळतात, आणि एका बाजूला सह्याद्रीची भिंत सोबतीला असते. शहापूरजवळ खुटघरला समृद्धीवर चढता येतं. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यात जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा आहे, म्हणजे कसारा घाटाचं चढणं संपलं. घाई नसेल आणि उजेड असेल तर जुन्या कसारा घाटानेच या, कोकणातून देशावर चढल्याचं तिथे डोळ्यांना कळतं. बोगद्यातून ते कळत नाही. ट्रकच्या मागे अडकलात तर ओव्हरटेकची घाई नको, एवढंच.

गर्दीचं सांगतो. २४ ते २६ ला मुंबई-पुण्याची माणसं अलिबाग-मुरूडकडे येतात. २४ ला आगरदांड्याच्या बाजूला दिघीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असेल, तुम्ही उलट दिशेने येताय, तुम्हाला त्रास कमी. पण पेण-अलिबाग रस्ता २४ ला दिवसभर भरलेला असेल. २५ ला सकाळी सातच्या आत अलिबाग सोडलंत तर रस्ता मोकळा मिळेल.

द्राक्षमळा_दिंडोरी

वाइनच्या बाजूचं मी सांगतो.

तुमचा जानेवारीचा शेवट हा अगदी योग्य काळ आहे. आपल्याकडे द्राक्षाची वेल युरोपातल्यासारखी थंडीत झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळ धरायला. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्च. पांढऱ्या वाइनची द्राक्षं, सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां, आधी तोडतात. लाल वाइनची, शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं, नंतर, फेब्रुवारी-मार्चकडे. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा वाइनरीत तोडणी आणि गाळप प्रत्यक्ष चालू असण्याची शक्यता चांगली. ऑगस्टमध्ये आलेल्या पाहुण्याला हिरवी पानं आणि स्टीलच्या टाक्या दिसतात, तुमच्या पाहुण्यांना क्रेट रिकामे होताना दिसतील. तोडणी पहाटे करतात, फळ थंड असताना, त्यामुळे वाइनरी दाखवण्याची सकाळची पहिली फेरी मागा.

बागेत दाखवणाऱ्याला सांगून शिराझचा एक मणी मागा (न विचारता तोडू नका, फवारणीचे दिवस कळत नाहीत). आपला खाण्याच्या द्राक्षाचा, थॉम्सन किंवा सोनाका, डोळ्यांसमोर ठेवला तर हा मणी केवढासा, जाड सालीचा, बिया असलेला. चावल्यावर आधी गोड लागतो, खाण्याच्या द्राक्षाहून गोड. खाण्याचं द्राक्ष १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतात, वाइनचं २२ ते २४ ला. मग सालीचा तुरटपणा हिरड्यांवर बसतो. बी हिरवी आणि कडू असेल तर तोडणीला वेळ आहे. बी तपकिरी झाली, दाताखाली सुपारीसारखी कटकन फुटली, की लाल जात तयार. रेड वाइनमधला तुरटपणा येतो तो याच साल-बियांतून. एवढं एकदा तोंडात अनुभवलं की ग्लासातली वाइन वेगळी कळते.

किती वाइनऱ्या? एका दिवसात दोन. तिसरीला जीभ साथ देत नाही. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, गंगावऱ्हे बाजूला सोमा. इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनईकडे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. पाहुण्यांना गजबज आवडत असेल तर सुला, निवांत बसून एकेक वाइन समजून घ्यायची असेल तर यॉर्क किंवा व्हॅलोने. एक मोठी आणि एक छोटी अशी जोडी केलीत तर कारखाना आणि हातकाम दोन्ही बघून होतं. सगळीकडे आधी फोन करून वेळ घ्या, शनिवार-रविवार आणि जोडसुट्टीला ऐनवेळी जागा मिळत नाही.

चाखण्याचा क्रम : स्पार्कलिंग म्हणजे फेसाळ, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट. उलट केलंत तर लाल वाइनच्या तुरटपणापुढे पांढरीची चव लागत नाही. सकाळी मिसळ खाऊन थेट जाऊ नका. नाशिकला आलेल्या पाहुण्याला मिसळ हवीच, पण ती आदल्या दिवशी किंवा चाखणं झाल्यावर दुसऱ्या सकाळी. तर्रीने जीभ बधिर होते. पान, सुपारी, मिंटच्या गोळ्या, उग्र अत्तर हेही नको. पोट मात्र रिकामं नको : पोहे, उपमा, इडली, साधं काही.

आता गाडी चालवण्याचा प्रश्न, आणि इथे मी कुणाला सूट देत नाही. चाखायला साधारण ३० मिलिलिटर ओततात. सहा वाइन म्हणजे १८० मिलिलिटर, साडेबारा टक्क्यांच्या हिशोबाने जवळजवळ १८ ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात, पोट रिकामं असेल तर, ते १०० मिलिलिटरमागे ३५ मिलिग्रॅमच्या पुढे जातं. बाईच्या शरीरात त्याच प्रमाणात त्याहून जास्त. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे ‘नुसतं चाखलं’ म्हणणारा माणूससुद्धा मर्यादेबाहेर असतो, आणि त्यावर जेवताना एक ग्लास झाला की विषयच संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचं घर नाशिकातच आहे, मग गाडी घरी ठेवा आणि दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट टॅक्सी करा. नुसती जातानाची करू नका, संध्याकाळी त्या रस्त्यावर परतीची गाडी मिळायला फार वेळ लागतो. आणि रात्री पाहुणे पुण्याला निघणार हे तर अजिबात करू नका, दुसऱ्या सकाळी निघू द्या. वाइनला महाराष्ट्रात वयाची अट २१ पूर्ण आहे, कुणी त्याच्या जवळपासचं असेल तर ओळखपत्र सोबत हवं.

दोन्ही टोकं जोडायची असतील तर असं करा : किनाऱ्यावर चार दिवस मासे खाल, तेव्हाच लक्षात ठेवा काय काय खाल्लंत. तळलेली सुरमई, बोंबील यांना सोव्हिन्यॉं ब्लां. तिखट, नारळाच्या वाटणाची कोळंबी असेल तर किंचित गोडसर शेनिन. तांबडी वाइन आणि तिखट माशाची आमटी एकत्र नको, तोंडात लोखंडासारखी चव येते. चाखताना हे डोक्यात असलं की कुठली बाटली घ्यायची ते सहज ठरतं.

स्वेटर घ्या. कोकणात त्या दिवसांत रात्री थंडी बेताची असते आणि नाशिकला, निफाडकडे तर जास्तच, कडाका असतो. पाहुणे पुण्याचे असले तरी किनाऱ्याची बॅग भरताना ही गोष्ट डोक्यातून जाते.

जव्हारवाट

एक वेगळी सूचना, पुढच्या वेळेसाठी किंवा लग्नाहून थेट घरी यायची वेळ आली तर. किनारा म्हणजे फक्त दक्षिणेचा नव्हे. तीन दिवसांत होणारा समुद्र ते द्राक्षमळा असा रस्ता उत्तरेलाही आहे : केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी, आणि तिथून चारोटी, कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक. विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला आता रो-रो आहे, त्यामुळे वैतरणा खाडीचा वळसा वाचतो. डहाणू ते बोर्डी सुरूच्या बनातून, मग घोलवडचे चिकू, आणि जव्हारनंतर रस्ता चढत चढत थेट ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. डहाणू ते नाशिक दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण मोखाड्याकडे वळणं खूप आहेत, चार तास धरा. मोखाडा ते त्र्यंबक रात्री करू नका, गावं विरळ आणि मदत लांब.

याच्याशी जोडलेली एक सावधगिरी : नाशिकहून बाटल्या घेऊन कुणी सापुताऱ्याला किंवा बोर्डीवरून उंबरगावकडे जाणार असेल तर ते गुजरात आहे. तिथे दारूबंदी, वाइनही त्यातच. बिल असलं तरी एक बाटलीसुद्धा चालत नाही.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्राय डे माझ्या डोक्यातच नव्हता. नवा बेत असा : २१ गुहागर, २२ आंजर्ले, २३ दिवेआगर, २४ नागाव, २५ सकाळी सातच्या आत निघून कर्जत-मुरबाडवरून कसारा घाट आणि घरी. २६ ला त्र्यंबक आणि सकाळी मिसळ. २७ ला टॅक्सी करून यॉर्क आणि सुला. २८ ला सकाळी पाहुणे पुण्याला.

दोन शंका राहिल्या. २५ ला इगतपुरीवरून येताना संजेगावला थांबावं का? आणि पाहुणे बारा-पंधरा बाटल्या नेतील, त्या गाडीत कशा ठेवायच्या? हर्णैचं सुकटही त्याच डिकीत असणार.

द्राक्षमळा_दिंडोरी

संजेगावला थांबा, पण जेवायला आणि बघायला. मुकणे धरणाचं पाणी समोर दिसतं आणि दुपारी तिथे बसायला फार छान. दोघांपैकी जो पुढे नाशिकपर्यंत चालवणार त्याने एक थेंबही नाही, आणि हे आदल्या रात्री ठरवून टाका, टेबलावर बसल्यावर नाही.

बाटल्यांचं : उन्हात बंद गाडीचं तापमान जानेवारीतही फार चढतं, आणि वाइनला ३० अंशांच्या पुढे बराच वेळ ठेवलं की तिचा ताजेपणा जातो. बुचाची बाटली तापली की बूच वर सरकतं आणि गळ्याशी चिकट ओल दिसते, ती बाटली लगेच उघडून संपवावी. म्हणून खरेदी २७ ला संध्याकाळी, अगदी शेवटी. रात्री बाटल्या घरात, आणि २८ ला निघताना गाडीत. डिकीपेक्षा मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, एसीचा गारवा तिथे पोचतो. बुचाच्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. प्रत्येक दोन बाटल्यांमध्ये एक टॉवेल. बिल हाताशी ठेवा. वाटेत नारायणगावला जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

सुकट बाटलीच्या आत जात नाही, पण कपड्यांत नक्की जातं, आणि २७ ला ग्लासात नाक घातल्यावर शेनिनऐवजी सुकट आलं तर सगळं फुकट. हर्णैलाच घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, वर दोन पिशव्या, आणि २५ ला घरी पोचल्यावर पहिल्यांदा तो डबा बाहेर काढा.

खाडीपार

बेत आता बसला. फक्त २३ ला वेश्वीची बोट दुपारी बाराच्या आतली धरा. त्यानंतरची धरलीत तर हरिहरेश्वर उरकावं लागेल आणि आरावीच्या रस्त्यावर काळोखात याल. आणि घाटगिअरने लिहायचं राहिलं ते : २५ ला घरी आल्यावर गाडी वरून पुसून थांबू नका. खालून, चाकांच्या कमानीतून आणि सायलेन्सरजवळून साध्या पाण्याने जोरात धुवून घ्या. चार बोटींच्या धक्क्यांवरचं खारं पाणी तिथेच बसलेलं असतं.